जागतिक बँकेचा कारभार चालतो कसा?

विशेष प्रतिनिधी

'अमुक प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज मंजूर' किंवा 'जागतिक बँकेने निधी रोखला' अशा बातम्या महाराष्ट्रातील वाचकाला नव्या नाहीत. लातूर-उस्मानाबादच्या भूकंपानंतरचे पुनर्वसन, मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे विस्तारीकरण, ग्रामीण पाणीपुरवठ्याचे 'जलस्वराज्य', हवामान बदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीसाठीचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प या साऱ्यांमागे या बँकेचा पैसा उभा राहिला आहे. परंतु 'बँकेने मंजूर केले' म्हणजे नेमके कोणी मंजूर केले? वॉशिंग्टनमधील कोणत्या दालनात, किती मतांनी आणि कोणाच्या वतीने हा निर्णय होतो? आणि निर्णय चुकला, तर ज्याचे घर रस्त्यात गेले त्याने दाद कोणाकडे मागायची? या प्रश्नांची उत्तरे बँकेच्या घटनेत आणि तिच्या ऐंशी वर्षांच्या वाटचालीत दडलेली आहेत.

एक नाव, पाच संस्था

आपण जिला सरसकट जागतिक बँक म्हणतो, तो प्रत्यक्षात पाच संस्थांचा समूह आहे. १९४४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबर 'आंतरराष्ट्रीय पुनर्रचना व विकास बँक' स्थापन करण्याचे ठरविले. ही या समूहातील मूळ संस्था. भारत त्या वेळी स्वतंत्र झालेला नव्हता. तरीही त्याचे शिष्टमंडळ या परिषदेत होते आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख त्याचे एक सदस्य होते.

मूळ बँकेचे पहिले कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला मिळाले. रक्कम होती २५ कोटी डॉलर. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपची उभारणी हा तेव्हाचा उद्देश होता. अमेरिकेने मार्शल योजनेद्वारे युरोपला थेट मदत सुरू केल्यावर बँकेचे लक्ष आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेकडे वळले. भारताला पहिले कर्ज १९४९ मध्ये मिळाले. ते ३ कोटी ४० लाख डॉलरचे होते आणि रेल्वेसाठी होते.

पुढे या मूळ बँकेला भावंडे झाली. खासगी उद्योगांना कर्ज देणारे आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ १९५६ मध्ये आले. अतिगरीब देशांना अत्यल्प व्याजाने कर्ज व अनुदान देणारी आंतरराष्ट्रीय विकास संघटना १९६० मध्ये स्थापन झाली. परदेशी गुंतवणूकदार व सरकार यांच्यातील तंटे सोडविणारे केंद्र १९६६ मध्ये सुरू झाले, तर राजकीय जोखमीविरुद्ध हमी देणारी संस्था १९८८ मध्ये. यांतील तंटा निवारण केंद्राचे सदस्यत्व भारताने घेतलेले नाही. बाकीच्या चारही संस्थांचा तो सदस्य आहे. या संस्थांचे हिशेब स्वतंत्र असले तरी अध्यक्ष एकच आणि संचालक बहुतांशी तेच असतात.

सहकारी पतपेढी की कंपनी?

बँकेचे मालक आहेत सदस्य देशांची सरकारे. मूळ बँकेचे १८९ देश सदस्य आहेत. तिला खासगी भागधारक नाही, ठेवीदार नाही आणि ती लाभांशही वाटत नाही. एवढ्यापुरती ती सहकारी संस्थेसारखी दिसते. कर्ज घेणाराच तिचा सभासदही असतो, हे साम्यही आहे. मात्र महाराष्ट्राला परिचित असलेला 'एक सभासद, एक मत' हा सहकाराचा पाया येथे नाही. येथे मत आहे ते भागांच्या प्रमाणात. ज्याचे भाग अधिक, त्याची मते अधिक. या बाबतीत ती कंपनीच्या जवळ जाते.

प्रत्येक देशाला काही 'मूलभूत मते' समान मिळतात. या समान मतांचा एकूण वाटा ५.५५ टक्के इतकाच राखला आहे. उरलेली सर्व मते भागांवर ठरतात. भागांचे वाटप देशाच्या आर्थिक आकारमानाशी व त्याने विकास निधीला दिलेल्या वर्गणीशी जोडलेले आहे. त्यामुळे मूळ बँकेत अमेरिकेकडे सुमारे १६ टक्के, जपानकडे सुमारे ७ टक्के, चीनकडे सुमारे ६ टक्के, तर जर्मनी, ब्रिटन व फ्रान्स यांच्याकडे प्रत्येकी ४ टक्क्यांच्या आसपास मते आहेत. जगातील सर्वाधिक लोकसंख्येच्या भारताचा वाटा सुमारे ३ टक्के आहे.

सोळा टक्के हा आकडा वरवर मोठा वाटत नाही. पण बँकेची घटना बदलायची असेल तर तीन पंचमांश सदस्य देश आणि एकूण मतांपैकी ८५ टक्के मते अनुकूल लागतात. म्हणजे ज्याच्या हाती १५ टक्क्यांहून अधिक मते आहेत, तो एकटा घटनादुरुस्ती अडवू शकतो. असा देश फक्त अमेरिका आहे. पूर्वी ही अट ८० टक्क्यांची होती. अमेरिकेचा वाटा घसरत २० टक्क्यांखाली जाऊ लागला, तेव्हा १९८९ मध्ये ती ८५ टक्क्यांवर नेण्यात आली. वाटा घटला, नकाराधिकार मात्र शाबूत राहिला. दैनंदिन कर्ज मंजुरीत अमेरिकेला असा नकाराधिकार नाही, हा फरक येथे ध्यानात ठेवायला हवा. कर्जाचे प्रस्ताव साध्या बहुमताने संमत होऊ शकतात.

सर्वोच्च सत्ता, पण वर्षातून दोनदा

कागदोपत्री सर्वोच्च सत्ता गव्हर्नर मंडळाची. प्रत्येक सदस्य देश एक गव्हर्नर व एक पर्यायी गव्हर्नर नेमतो. बहुतेक देशांत अर्थमंत्रीच हे पद सांभाळतात. भारताच्या बाबतीत केंद्रीय अर्थमंत्री गव्हर्नर असतात. नव्या देशाला सदस्यत्व देणे किंवा ते निलंबित करणे, भांडवल वाढविणे वा घटविणे, नफ्याचे वाटप ठरविणे, घटनेच्या अर्थासंबंधीच्या अपिलावर अंतिम निर्णय देणे, हे अधिकार याच मंडळाने स्वतःकडे राखले आहेत. उरलेले जवळजवळ सर्व अधिकार त्याने कार्यकारी संचालकांकडे सोपविले आहेत.

वार्षिक बैठक नाणेनिधीच्या बैठकीसोबत शरद ऋतूत होते. लागोपाठ दोन वर्षे ती वॉशिंग्टनमध्ये आणि तिसऱ्या वर्षी अन्य देशात भरविण्याची प्रथा आहे. २०२३ ची बैठक मोरोक्कोतील माराकेश येथे झाली. वसंत ऋतूतही एक बैठकसत्र असते. त्यात १९७४ मध्ये स्थापन झालेली मंत्रिस्तरीय विकास समिती धोरणाची दिशा सुचविते. ही समिती २५ सदस्यांची आहे. तिचे निवेदन बंधनकारक नसते. मात्र तिने मान्य केलेली दिशा व्यवस्थापन सहसा डावलत नाही.

संचालकांचे पंचवीस जण

बँकेच्या कारभाराचे खरे केंद्र म्हणजे वॉशिंग्टनमध्येच मुक्काम ठोकून असलेले २५ कार्यकारी संचालकांचे मंडळ. हे संचालक अन्यत्र नोकरी करून वर्षातून चारदा बैठकीला येणारे नव्हेत. ते पूर्णवेळ तेथेच असतात, त्यांचे वेतन बँक देते आणि मंडळ साधारणपणे आठवड्यातून दोनदा बसते. कर्जे, हमी, बँकेचा अर्थसंकल्प, देशनिहाय धोरणे, कर्ज उभारणी यांवर निर्णय तेच घेतात.

१८९ देश आणि २५ खुर्च्या, हे गणित बसविण्यासाठी देशांचे गट पाडले आहेत. अमेरिका, जपान, चीन, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, सौदी अरेबिया अशा मोजक्या देशांचा प्रत्येकी स्वतंत्र संचालक आहे. उरलेल्या देशांना गट करून संचालक निवडावा लागतो. त्याची मुदत दोन वर्षे. भारत, बांगलादेश, भूतान व श्रीलंका यांचा मिळून एक गट आहे आणि त्यात भारताची मते फार मोठी असल्याने संचालक भारताचाच असतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेची स्थिती याच्या उलट. तेथील दोन संचालकांवर प्रत्येकी वीसहून अधिक देशांचे प्रतिनिधित्व करण्याचा भार आहे. आफ्रिकेसाठी तिसरी जागा २०१० मध्ये वाढविण्यात आली, तेव्हा कोठे संचालकांची संख्या २४ वरून २५ झाली.

या गटपद्धतीतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. संचालकाला आपल्या गटाची मते विभागता येत नाहीत. गटातील एक देश प्रस्तावाच्या बाजूने व दुसरा विरोधात असला, तरी साऱ्या गटाचे मत एकगठ्ठाच पडते. त्यामुळे छोट्या देशाचे मत मतपत्रिकेवर उमटतच नाही. ते उमटते, ते मतदानाआधीच्या चर्चेत, आणि तेही संचालकाने ऐकून घेतले तर.

प्रत्यक्षात औपचारिक मतदान क्वचितच होते. मंडळ सहमतीवर चालते. अध्यक्ष बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवितात, पण मते समसमान पडली तरच त्यांना निर्णायक मत असते. कर्जाचा प्रस्ताव मंडळापुढे येतो तो व्यवस्थापनाकडून. आक्षेप असतील तर ते आधीच अनौपचारिकपणे कळविले जातात आणि प्रस्ताव दुरुस्त होतो किंवा मागे पडतो. त्यामुळे मंडळाने प्रस्ताव फेटाळल्याचे उदाहरण विरळा. या पद्धतीचे समर्थक तिला सामंजस्य म्हणतात. टीकाकारांच्या मते अशाने संचालक मंडळ 'शिक्का मारणारे' बनते आणि कोणत्या देशाने काय भूमिका घेतली, हे त्या देशातील जनतेलाही नीट कळत नाही.

मंडळाच्या पाच स्थायी समित्या आहेत. लेखापरीक्षण, अर्थसंकल्प, विकासाची परिणामकारकता, मनुष्यबळ आणि कारभारपद्धती अशी त्यांची क्षेत्रे. प्रकल्पांचे फलित तपासणारा स्वतंत्र मूल्यमापन विभाग व्यवस्थापनाला नव्हे, तर थेट संचालक मंडळाला उत्तरदायी आहे. ज्याने कर्ज दिले त्यानेच कर्ज यशस्वी झाल्याचे प्रमाणपत्र देऊ नये, हा त्यामागील हेतू.

अध्यक्ष ठरतो कोठे?

अध्यक्षाची निवड कार्यकारी संचालक करतात. मुदत पाच वर्षे, फेरनिवड शक्य. घटनेत अध्यक्ष अमुक देशाचा असावा, असे कोठेही लिहिलेले नाही. तरीही १९४६ मधील पहिले अध्यक्ष यूजीन मेयर यांच्यापासून आजवरचे सर्व चौदा अध्यक्ष अमेरिकी नागरिक आहेत. बँकेचे प्रमुखपद अमेरिकेकडे व नाणेनिधीचे युरोपकडे, असा हा अलिखित समझोता आहे.

त्याला पहिले खरे आव्हान मिळाले २०१२ मध्ये. अमेरिकेचे उमेदवार जिम याँग किम यांच्यासमोर नायजेरियाच्या अर्थमंत्री न्गोझी ओकोंजो-इवेआला आणि कोलंबियाचे अर्थतज्ज्ञ होसे अँटोनिओ ओकाम्पो उभे राहिले. ओकाम्पो यांनी निवडीआधी माघार घेतली आणि निवड अखेर किम यांचीच झाली. त्यानंतर २०१९ मध्ये डेव्हिड मालपास व २०२३ मध्ये अजय बंगा यांच्या वेळी दुसरा उमेदवारच नव्हता. पुण्यातील खडकी येथे जन्मलेले, मास्टरकार्डचे माजी प्रमुख असलेले बंगा यांनी २ जून २०२३ रोजी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या निवडीचे भारतात कौतुक झाले. परंतु अमेरिकी नागरिक या नात्याने व अमेरिकेच्या अध्यक्षांनी नाव सुचविल्यानेच ते या पदावर आले, ही बाब त्या प्रथेत बदल झाला नसल्याचेच दर्शविते.

घटनेनुसार अध्यक्ष व कर्मचारी यांची निष्ठा केवळ बँकेशी असावी लागते. कोणत्याही देशाच्या राजकारणात हस्तक्षेप करण्यास आणि राजकीय रंग पाहून कर्ज देण्या-नाकारण्यास घटनेने बंदी घातली आहे. पदाचा दुरुपयोग झाल्यास जाब विचारला जातो, हे २००७ मध्ये दिसले. निकटवर्तीय कर्मचारी महिलेच्या वेतनवाढीच्या प्रकरणावरून तत्कालीन अध्यक्ष पॉल वुल्फोवित्झ यांना राजीनामा द्यावा लागला.

अध्यक्षांखाली व्यवस्थापकीय संचालक, विभागनिहाय व विषयनिहाय उपाध्यक्ष आणि देशोदेशीची कार्यालये अशी उतरंड आहे. मुख्य अर्थतज्ज्ञ हे पद स्वतंत्र असते. २०१२ ते २०१६ या काळात ते भारताचे कौशिक बसू यांच्याकडे होते.

पैसा येतो कोठून?

बँकेचा पैसा म्हणजे श्रीमंत देशांनी दिलेली देणगी, हा समज अर्धाच खरा आहे. मूळ बँकेच्या मान्य भांडवलापैकी सदस्य देशांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम एक दशांशाहूनही कमी आहे. उरलेले 'मागणी केल्यास भरावयाचे' भांडवल आहे आणि अशी मागणी करण्याची वेळ आजवर आलेली नाही. या हमीच्या जोरावर बँक जगभरच्या बाजारात कर्जरोखे विकते. पहिले रोखे १९४७ मध्ये विकले गेले. १९५९ पासून तिचे पतमानांकन सर्वोच्च म्हणजे 'एएए' श्रेणीचे राहिले आहे. त्यामुळे तिला स्वस्तात पैसा मिळतो. त्यावर थोडी भर घालून ती तो मध्यम उत्पन्नाच्या देशांना देते. भारताला स्वतःच्या नावावर बाजारात उचल घ्यायची झाली तर व्याज अधिक पडेल. बँकेच्या कर्जाचे आकर्षण येथे आहे.

हे उच्च मानांकन टिकविण्याची काळजी बँकेच्या प्रत्येक निर्णयावर छाया टाकते. कर्ज अधिक द्यावे, असा आग्रह कर्जदार देश धरतात. मानांकनाला धक्का लागू नये, अशी दक्षता मोठे भागधारक घेतात. भारताच्या यजमानपदाखालील जी-२० च्या २०२३ मधील वर्षात एन. के. सिंग व लॉरेन्स समर्स यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने विकास बँकांची कर्जक्षमता मोठ्या प्रमाणात वाढविण्याची शिफारस केली. बँकेनेही कर्जाच्या तुलनेत राखावयाच्या स्वनिधीचे किमान प्रमाण २० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १८ टक्क्यांपर्यंत खाली आणले आहे. भांडवल न वाढविता अधिक कर्ज देण्याचा हा मार्ग आहे.

आंतरराष्ट्रीय विकास संघटनेचा पैसा मात्र खऱ्या अर्थाने वर्गणीचा. दर तीन वर्षांनी दाते देश तो भरतात. २०२४ च्या डिसेंबरमधील फेरीत २३.७ अब्ज डॉलरची वर्गणी जाहीर झाली आणि बाजारातून उचल मिळवून १०० अब्ज डॉलरचा निधी उभारण्याचे ठरले. एके काळी याच संघटनेचा सर्वांत मोठा कर्जदार असलेला भारत २०१४ मध्ये तिच्या पात्रतेबाहेर गेला. तीन वर्षे त्याला संक्रमणकालीन साह्य मिळाले. आता भारत दात्यांच्या यादीत आहे.

मंत्रालय ते वॉशिंग्टन

महाराष्ट्र सरकारला एखाद्या प्रकल्पासाठी कर्ज हवे असेल, तर ते थेट वॉशिंग्टनला पत्र धाडू शकत नाही. राज्यघटनेच्या २९३ व्या कलमानुसार राज्याला देशातच कर्ज घेता येते. परदेशी कर्ज घेते ते केंद्र सरकार. म्हणून राज्याचा प्रस्ताव केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो आणि तेथून बँकेकडे. देशासाठी बँकेने आखलेल्या भागीदारीच्या आराखड्यात तो बसतो का, हे पाहिले जाते. त्यानंतर संकल्पना, पूर्वतयारी, पर्यावरणीय व सामाजिक परिणामांचा अभ्यास, मूल्यांकन, वाटाघाटी, संचालक मंडळाची मंजुरी, करारावर स्वाक्षऱ्या असे टप्पे येतात. मंजुरी म्हणजे पैसे हाती आले, असे नव्हे. काम जसजसे होईल तसतसा निधी सुटतो. प्रकल्प राबविणारे राज्य सरकारच असते. बँक देखरेख करते आणि शेवटी पूर्तता अहवाल लिहिते.

यातील एक मुद्दा करदात्याच्या खिशाशी निगडित आहे. २००५ पूर्वी परदेशी साह्याची रक्कम केंद्राकडून सर्वसाधारण राज्यांना ७० टक्के कर्ज व ३० टक्के अनुदान अशी मिळे आणि विनिमय दराची झळ केंद्र सोशीत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर १ एप्रिल २००५ पासून नव्या प्रकल्पांचे कर्ज ज्या अटींवर मिळाले त्याच अटींवर राज्याकडे वळते करण्यात येऊ लागले. म्हणजे रुपया घसरला, तर परतफेडीचा वाढीव बोजा राज्याच्या तिजोरीवर पडतो. 'स्वस्त व्याजाचे कर्ज' या घोषणेकडे पाहताना ही बाजू लक्षात घ्यावी लागते.

सरदार सरोवराने शिकविलेला धडा

बँकेच्या कारभारात प्रकल्पग्रस्ताला स्थान मिळाले ते नर्मदेच्या खोऱ्यातील संघर्षामुळे. सरदार सरोवर प्रकल्पासाठी १९८५ मध्ये बँकेने ४५ कोटी डॉलरचे साह्य मंजूर केले. गुजरातेत बांधल्या जाणाऱ्या या धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा भागातील ३३ आदिवासी गावे येणार होती. ती तेव्हा धुळे जिल्ह्यात होती, आज नंदुरबार जिल्ह्यात आहेत. नर्मदा बचाओ आंदोलनाने पुनर्वसनाचा प्रश्न जगापुढे नेला. अखेर बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. बँकेच्या अर्थसाह्याने चाललेल्या प्रकल्पाची अशी बाहेरची चौकशी प्रथमच होत होती. जून १९९२ मध्ये आलेल्या अहवालाने पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँक आपल्याच नियमांना जागली नसल्याचा निष्कर्ष काढला.

त्यानंतर ऑक्टोबर १९९२ मध्ये संचालक मंडळात जे घडले, ते या रचनेचे स्वरूप उघड करणारे आहे. अमेरिका, जपान व जर्मनी यांच्यासह अनेक संचालकांनी साह्य चालू ठेवण्यास विरोध केला. तरीही बहुमत व्यवस्थापनाच्या बाजूने पडले आणि काही अटी घालून काम पुढे न्यायचे ठरले. त्या अटींची मुदत संपत असताना, मार्च १९९३ च्या अखेरीस भारत सरकारनेच उरलेले कर्ज नको असल्याचे कळविले. धरण पुढे भारताच्या स्वतःच्या पैशाने पूर्ण झाले. वॉशिंग्टनची देखरेख संपली, तरी खोऱ्यातील पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक वर्षे न्यायालयांत आणि रस्त्यावर लढला गेला.

या प्रकरणाने बँकेत एक कायमची संस्था जन्माला घातली. सप्टेंबर १९९३ मध्ये संचालक मंडळाने तीन सदस्यांचे 'तपासणी मंडळ' स्थापन करण्याचा ठराव केला. बँकेने स्वतःचे नियम मोडल्यामुळे आपले नुकसान झाले वा होऊ शकते, असे ज्यांना वाटते, ते लोक या मंडळाकडे थेट तक्रार करू शकतात. त्यासाठी आपल्या सरकारची परवानगी लागत नाही. मंडळ व्यवस्थापनाच्या नव्हे, संचालकांच्या अखत्यारीत काम करते.

मुंबईत थांबलेले हप्ते

या यंत्रणेचा प्रत्यय मुंबईला आला. २००२ मध्ये बँकेने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला ५४ कोटी २० लाख डॉलरचे साह्य मंजूर केले. उपनगरी रेल्वेबरोबरच सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ते त्यात होते. सुमारे १ लाख २० हजार लोकांना हलवावे लागणार होते. २००४ मध्ये रस्त्याच्या आखणीत येणाऱ्या दुकानदार व रहिवाशांनी तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मूळ गाळा केवढाही असला तरी बदल्यात २२५ चौरस फुटांचाच गाळा, नव्या वसाहतीत चालणार नाही असा धंदा, अपुरी माहिती, दाद मागण्याची कुचकामी व्यवस्था अशा त्या तक्रारी होत्या.

मंडळाने २००५ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात लोकांशी सल्लामसलत, उपजीविकेची पुनर्स्थापना यांसह अनेक बाबींत बँकेने आपल्या धोरणांचे पालन केले नसल्याचे म्हटले. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसन या घटकांचे हप्ते थांबविले. राज्य सरकारने ठरलेल्या सुधारणांवर पावले उचलल्यानंतर जूनच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता वाहतुकीस खुला व्हायला २०१४ साल उजाडले.

या घटनेतून यंत्रणेची ताकद व मर्यादा दोन्ही दिसतात. झोपडीवजा दुकानाच्या मालकाची तक्रार पंचवीस देशप्रतिनिधींच्या टेबलापर्यंत पोहोचली आणि एका राज्य सरकारला आपली पद्धत बदलावी लागली, ही ताकद. पण तपासणी मंडळ भरपाईचा आदेश देऊ शकत नाही. ते केवळ बँकेने नियम पाळले का, एवढेच पाहते. राज्य सरकारने काय केले, हा त्याच्या कक्षेबाहेरचा प्रश्न. तक्रारीतून वाटाघाटीने मार्ग काढण्याची सोय असावी, म्हणून २०२० मध्ये त्याच्या जोडीला तंटा निवारण सेवा सुरू करण्यात आली.

खासगी क्षेत्राला कर्ज देणाऱ्या वित्त महामंडळासाठी १९९९ पासून वेगळा लोकपाल आहे. गुजरातेतील मुंद्रा येथील औष्णिक वीज प्रकल्पाला महामंडळाने दिलेल्या कर्जावरून तेथील मच्छीमार व शेतकरी अमेरिकी न्यायालयात गेले. आंतरराष्ट्रीय संस्था असल्याने आपल्यावर खटलाच भरता येत नाही, ही महामंडळाची भूमिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सात विरुद्ध एक अशा मतांनी फेटाळली. हे संरक्षण निरपवाद नाही, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मच्छीमारांना प्रत्यक्ष दिलासा मात्र मिळाला नाही. कनिष्ठ न्यायालयांनी त्या दाव्याचा संबंध अमेरिकेतील व्यवहाराशी मुख्यत्वे जुळत नसल्याचे सांगून तो निकाली काढला.

विश्वासार्हतेची कसोटी

बँकेचे सामर्थ्य पैशाइतकेच तिच्या आकडेवारीत आहे. तेथेही कारभाराची कसोटी लागली. उद्योगसुलभतेची क्रमवारी लावणाऱ्या 'डुइंग बिझनेस' अहवालाच्या २०१८ व २०२० च्या आवृत्त्यांत काही देशांच्या आकड्यांत अनियमितता आढळल्या. चौकशीत वरिष्ठ पातळीवरून दबाव आल्याचे पुढे आले आणि १६ सप्टेंबर २०२१ रोजी बँकेने हा अहवालच बंद केला. या क्रमवारीतील चढती स्थाने अनेक सरकारांनी, त्यात भारतानेही, यश म्हणून मिरविली होती. भागधारकच जेव्हा मूल्यमापनाचा विषय असतो, तेव्हा परीक्षकाची अडचण किती मोठी, हे यातून दिसले.

बदलाचा आग्रह आता बाहेरूनही होत आहे. भारत, चीन, रशिया, ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या शांघायस्थित न्यू डेव्हलपमेंट बँकेत संस्थापक पाचही देशांची मते समान असून कोणालाही नकाराधिकार नाही. बीजिंगमधील आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने निवासी संचालक मंडळाचा खर्च टाळला. तिचे बारा संचालक आपापल्या देशांत राहून काम पाहतात. मनिला येथील आशियाई विकास बँकेची रचना मात्र जागतिक बँकेच्याच वळणाची. तेथील अध्यक्ष नेहमी जपानी असतो, एवढाच फरक. मुंबईच्या मेट्रो व उपनगरी रेल्वेसाठी या नव्या-जुन्या बँकांचाही पैसा आला आहे. कर्जदार राज्यांपुढे आता निवड आहे आणि त्यामुळे जागतिक बँकेवरही कामाचा वेग वाढविण्याचे दडपण आहे. वेग वाढविताना पर्यावरण व पुनर्वसनाच्या अटी सैल होणार नाहीत ना, ही नर्मदेच्या काळातील शंका पुन्हा विचारली जात आहे.

२०१० पासून लागू असलेल्या माहिती धोरणानुसार, मोजके अपवाद वगळता बँकेची प्रकल्पविषयक कागदपत्रे सर्वांसाठी खुली आहेत. प्रकल्पाचे मूल्यांकन, पुनर्वसन आराखडा, पर्यावरणीय अभ्यास आणि पूर्तता अहवाल कोणालाही पाहता येतात. कर्ज मंजूर झाल्याच्या बातमीनंतर रक्कम किती, याचीच चर्चा बहुधा होते. त्या कागदपत्रांत परतफेड कोणत्या चलनात, विस्थापित किती आणि तक्रार कोणाकडे करायची, याचीही उत्तरे असतात. मुंबईच्या दुकानदारांनी त्यांचा उपयोग करून दाखविला. सोळा टक्क्यांच्या व तीन टक्क्यांच्या मतांत सामान्य माणसाला थेट वाटा नाही. पण बँकेने स्वतःसाठी लिहिलेल्या नियमांवर बोट ठेवण्याचा अधिकार त्याला आहे आणि तो वापरण्यासाठी वॉशिंग्टनला जावे लागत नाही.